साईट उघडत नाही म्हणून ब्राउझर बदलताय? आधी हे वाचा

टेमघर (भिवंडी) : सातबारा काढायचा असो, उत्पन्नाचा दाखला असो, अकरावीचा प्रवेश असो की महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती, आता सगळी कामं ऑनलाईन झाली आहेत. टेमघर, राजनोली, कोनगाव या पट्ट्यात कुणी ती घरबसल्या मोबाईलवर करतं, कुणी भिवंडी-कल्याण रस्त्यावरच्या सेवा केंद्रात जाऊन करून घेतं. शहापूर-मुरबाडच्या गावांतही तेच चित्र आहे. काम अडलं की सगळीकडे एकच सल्ला मिळतो, "दुसऱ्या ब्राउझरमध्ये टाकून बघा ना!" आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा काम होऊनही जातं.

पण ते का होतं, हे कुणी सांगत नाही. आधारचा नंबर, बँकेचा पासवर्ड, ओटीपी हे सगळं आपण ज्याच्या हाती देतो तो ब्राउझर निवडायचा कसा, हेही कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

गूगल वेगळं, क्रोम वेगळं

ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पानं उघडून दाखवणारं ॲप. गूगल ही शोध घेण्याची साईट, तर क्रोम हा गूगल कंपनीचा ब्राउझर. फायरफॉक्स मोझिलाचा, एज मायक्रोसॉफ्टचा, सफारी ॲपलचा. शिवाय ऑपेरा, ब्रेव्ह, सॅमसंग इंटरनेट आहेतच.

नावं बरीच असली तरी आतली इंजिनं मोजकीच आहेत. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह आणि सॅमसंग इंटरनेट हे सगळे 'क्रोमियम' या एकाच पायावर उभे आहेत. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं, सफारीचं वेगळं. म्हणजे क्रोम सोडून एजवर गेलात तर गाडीची बॉडी बदलली, इंजिन तेच राहिलं.

मग क्रोममध्ये अडलेला अर्ज एजमध्ये सरळ कसा जातो? कारण एज तुमच्याकडे कोरा असतो. क्रोममध्ये वर्षानुवर्षांच्या कुकीज, अर्धवट राहिलेली लॉगिन, कधीतरी टाकलेली एक्स्टेन्शन्स, बंद करून ठेवलेले पॉप-अप असा पसारा साचलेला असतो. बिघाड बऱ्याचदा त्या पसाऱ्यात असतो. म्हणून ब्राउझर बदलण्याआधी त्याच क्रोममध्ये 'इन्कॉग्निटो' खिडकी उघडून तीच साईट चालवून बघा. तिथे काम झालं तर क्रोम ठीक आहे, बिघाड बहुधा त्या साईटच्या कुकीजमध्ये किंवा एखाद्या एक्स्टेन्शनमध्ये आहे. त्या कुकीज साफ करा किंवा ते एक्स्टेन्शन बंद करा.

आधी साईट सांगायची, कुठला ब्राउझर ते

इंटरनेट एक्सप्लोरर १९९५ साली आला आणि विंडोजसोबत घरोघरी, ऑफिसोऑफिसी पोहोचला. कॉम्प्युटर घेतला की तो असायचाच, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. सरकारी साईटही त्यालाच धरून बनल्या. 'ही साईट इंटरनेट एक्सप्लोररमध्येच पाहा' अशी ओळ तळाशी असायची. युनिकोड रुळण्याआधी मराठी वर्तमानपत्रांच्या साईट आपापला फॉन्ट वापरत. दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडल्या तर मराठीच्या जागी नुसती अगम्य अक्षरं दिसायची.

फायरफॉक्स १.० नोव्हेंबर २००४ मध्ये आला आणि क्रोम सप्टेंबर २००८ मध्ये. वेग आणि टॅबची सोय बघून लोक तिकडे वळले. तरी ई-टेंडर आणि डिजिटल सहीची कामं करणारे जुन्यालाच चिकटून राहिले, कारण ती कामं जावाच्या प्लगइनवर चालायची. सप्टेंबर २०१५ मध्ये आलेल्या क्रोम ४५ ने तसली प्लगइन पूर्ण बंद केली. मार्च २०१७ मध्ये फायरफॉक्सनेही तेच केलं. ठेकेदार आणि लेखनिकांनी कॉम्प्युटरवर दोन-दोन, तीन-तीन ब्राउझर ठेवायची सवय लावून घेतली ती याच काळात.

अखेर १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररचा पाठिंबा थांबवला. जुन्या साईटसाठी एजमध्ये 'आयई मोड' ठेवला आहे. एखादी फारच जुनी साईट कशातच उघडत नसेल तर तो चालू करून बघावा. जुना एक्सप्लोरर शोधून बसवण्याच्या भानगडीत पडू नये.

यूसी ब्राउझर का आला, का गेला

मोबाईलवरची गोष्ट वेगळी. टूजीच्या काळात डेटा महाग आणि फोन साधे. यूसी ब्राउझर पानं स्वतःच्या सर्व्हरवर आधी दाबून लहान करायचा आणि मग फोनवर पाठवायचा. डेटा कमी लागायचा, गाणी-व्हिडिओ झटपट उतरायचे. ऑपेरा मिनीचीही हीच युक्ती होती. चीनच्या अलीबाबा कंपनीचा हा यूसी ब्राउझर एकेकाळी भारतात मोबाईलवर क्रोमपेक्षाही जास्त वापरला जायचा.

पण पान दुसऱ्याच्या सर्व्हरवरून फिरून येतं, तेव्हा आपण काय बघतो हे त्या दुसऱ्याला कळतं. टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबने २०१५ मध्येच दाखवून दिलं होतं, की यूसी ब्राउझर वापरणाऱ्यांची माहिती पुरेशा संरक्षणाशिवाय बाहेर जाते. तेव्हा आपल्याकडे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि यूसीचा मुख्य फायदाच ओसरू लागला. मग २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. टिकटॉकसोबत यूसी ब्राउझरही त्या यादीत होता.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. फुकट आणि वेगवान दिसणारं ॲप आपला धंदा कशावर चालवतं, हा प्रश्न बसवण्याआधी विचारायचा असतो. बंदी आल्यावर नाही.

'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणजे काय?

साईट उघडताना लाल खूण येते आणि कनेक्शन खाजगी नाही असा इशारा दिसतो. प्रत्येक साईटकडे ओळखपत्रासारखं एक प्रमाणपत्र असतं. ते कुणी दिलेलं असेल तर मानायचं, याची यादी ब्राउझरकडे असते. प्रमाणपत्राची मुदत संपली किंवा देणारा त्या यादीत नसला, की इशारा येतो.

भारताचा यातला अनुभव कडू आहे. जुलै २०१४ मध्ये एनआयसीच्या प्रमाणपत्र केंद्रातून गूगल आणि याहूच्या पत्त्यांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. मायक्रोसॉफ्टने ती अविश्वसनीय ठरवली, गूगलने क्रोममध्ये भारतीय प्रमाणपत्रांवर मर्यादा घातली. फायरफॉक्सच्या यादीत भारत सरकारचं मूळ प्रमाणपत्र नव्हतंच. म्हणून त्या काळात काही सरकारी साईट एका ब्राउझरमध्ये निमूट उघडायच्या आणि दुसऱ्यात इशारा द्यायच्या.

इशारा आला की आधी मोबाईलची किंवा कॉम्प्युटरची तारीख-वेळ बघा. ती चुकलेली असली तरी असंच होतं. मग पत्ता नीट वाचा. राज्य सरकारच्या बहुतेक साईटच्या पत्त्याचा शेवट 'डॉट जीओव्ही डॉट इन' असा असतो. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर बोट ठेवण्यापेक्षा पत्ता स्वतः टाईप केलेला बरा. आणि पत्त्याजवळचं कुलूप बघून निर्धास्त होऊ नका. खोट्या साईटलाही ते मिळतं. कुलपाचा अर्थ एवढाच, की मधल्यामध्ये कुणी वाचत नाही. पलीकडे सरकार आहे की भामटा, हे ते सांगत नाही.

काम अडण्याची नेहमीची कारणं

*पॉप-अप बंद :* पैसे भरायचं पान किंवा पावती नव्या खिडकीत उघडायची असते, पण ब्राउझर ती अडवतो. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांना मिळतो. पैसे कापले गेले आणि उतारा दिसत नाही, असं झालं तर घाईने पुन्हा पैसे भरू नका. पत्त्याच्या पट्टीत अडवलेल्या पॉप-अपची खूण दिसते का ते बघा.

*बोटाचं मशीन चालत नाही :* आधारचं बायोमेट्रिक मशीन किंवा डिजिटल सहीचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर बसवलेलं असतं आणि साईट ब्राउझरमधून त्याच्याशी बोलते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या क्रोम १४२ पासून अशा जोडणीआधी ब्राउझर परवानगी विचारतो. गडबडीत नकार दाबला गेला की मशीन ठीक असूनही 'डिव्हाइस सापडत नाही' असं दिसतं. अशा वेळी त्या साईटच्या परवानग्यांमध्ये जाऊन ती चालू करा. अनोळखी साईटने अशी परवानगी मागितली तर मात्र नकारच द्या.

*जुना कॉम्प्युटर :* विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. नव्या आवृत्त्या फेब्रुवारी २०२३ पासून त्यावर चालत नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा मशीनवर ब्राउझर कितीही बदला, पाया कच्चाच राहतो. त्यावर बँकेचं काम टाळलेलं बरं.

मग घ्यायचा कुठला?

'सगळ्यात चांगला' असा एक ब्राउझर नाही. आपलं काम काय आणि ब्राउझरवाल्याचा धंदा काय, हे दोन्ही बघून ठरवायचं.

क्रोमवर बहुतेक साईट सुरळीत चालतात, कारण बनवणारे आधी त्यावरच तपासून बघतात. पण गूगलची मुख्य कमाई जाहिरातींची आहे, हे ध्यानात असू द्या. तो आपल्या अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासून असतो, हाही योगायोग नव्हे. फोन कंपन्यांना गूगलची ॲप एकगठ्ठा घ्यायला लावल्याच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला होता.

फायरफॉक्समागे मोझिला ही ना-नफा संस्था आहे. माग काढणाऱ्या जाहिरातींना तो बऱ्यापैकी अडवतो आणि मराठीतही मिळतो. मात्र मोझिलाच्या कमाईचा मोठा वाटा गूगलला शोधासाठी पहिली जागा देण्यातून येतो. काही सरकारी साईट त्यावर अडखळतात. ब्रेव्ह जाहिराती आपणहून अडवतो, त्यामुळे पानं हलकी होतात. पण कधीकधी त्या नादात अर्जातलं बटणही गायब होतं. एज विंडोजमध्ये असतोच आणि जुन्या साईटसाठी कामाला येतो.

देशी पर्यायही आहेत. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये भारतीय ब्राउझर बनवण्याची स्पर्धा जाहीर केली. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला आणि झोहो कंपनीला १ कोटी रुपयांचं पहिलं बक्षीस मिळालं. झोहोचा 'उला' हा ब्राउझरही क्रोमियमवरच आहे, त्यामुळे क्रोमवर चालणाऱ्या साईट त्यावर सहसा चालतात.

साधा मार्ग म्हणजे दोन ब्राउझर ठेवा आणि कामं वाटून द्या. एक फक्त पैशांच्या आणि सरकारी कामाला. त्यात एक्स्टेन्शन नको, व्हिडिओ नको, इकडच्या-तिकडच्या लिंक नकोत. दुसरा बाकी सगळ्याला. बाजाराची पिशवी आणि कागदपत्रांची फाईल आपण एकत्र ठेवत नाही, तसंच हे.

बदलण्याआधी एवढं करा

जुना ब्राउझर काढून टाकण्याआधी त्यात साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क नव्यात घ्या. कॉम्प्युटरवर 'इम्पोर्ट' म्हणून सोय असते. त्यासाठी पासवर्डची फाईल उतरवली असेल तर काम झाल्यावर लगेच पुसा. ती उघडली की सगळे पासवर्ड जसेच्या तसे वाचता येतात. नवा ब्राउझर प्ले स्टोअरवरून किंवा कंपनीच्या मूळ साईटवरूनच घ्या. 'तुमचा ब्राउझर जुना झाला, इथे दाबा' अशा पाटीवरून तर कधीच नाही. अपडेट आपोआप होऊ द्या. रोज डोकं खाणारी नोटिफिकेशन येत असतील तर ती कुठल्यातरी साईटला दिलेली परवानगी असते. सेटिंगमध्ये जाऊन ती काढा, ब्राउझर बदलायची गरज नाही.

सेवा केंद्रात किंवा सायबर कॅफेत काम करून घेत असाल तर इन्कॉग्निटो खिडकीतच लॉगिन करायला सांगा. 'पासवर्ड सेव्ह करू का?' असं विचारलं की 'नको' म्हणा. उतरवलेला सातबारा, आधार, मार्कशीट त्या कॉम्प्युटरच्या डाऊनलोडमधून पुसायला लावा, कारण इन्कॉग्निटो बंद केलं तरी उतरवलेल्या फाईल तिथेच राहतात. केंद्रचालकाला हे सांगायला संकोच वाटण्याचं कारण नाही. कागद आपले आहेत.

आणि एवढं करूनही खोट्या साईटवर पैसे गेलेच, तर ब्राउझर तपासत बसू नका. आधी १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा, मग बँकेला. तक्रार जितकी लवकर, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.