ब्रिटिश पारपत्र आणि ब्रिटिश नागरिकत्व : पूर्व आफ्रिकेतून परतलेल्या कुटुंबांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

राज्यशास्त्राच्या अध्यापनात 'राष्ट्रीयत्व' आणि 'नागरिकत्व' हे शब्द आपण बहुधा समानार्थी म्हणून वापरतो. भारतीय संदर्भात ते चालूनही जाते. ब्रिटिश कायद्यात मात्र या दोहोंत मोठे अंतर आहे. एखाद्याजवळ ब्रिटिश पारपत्र असते, त्यावर राजमुद्रा असते, आणि तरीही ब्रिटनमध्ये राहण्याचा अधिकार त्याला नसतो. या विसंगतीचा उगम आणि तिचे आजचे परिणाम यांचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

निमित्त आमच्या विभागातच घडले. पदवी वर्गातील एका विद्यार्थ्याने आपल्या दिवंगत आजोबांचे नैरोबी येथे दिलेले जुने पारपत्र आणून दाखविले. आजोबा मूळचे पंढरपूरचे. केनियात रेल्वेत कारकून होते आणि १९६० च्या दशकाअखेर गावी परतले. 'आजोबा ब्रिटिश, म्हणून नातूही ब्रिटिश' असे एका मध्यस्थाने कुटुंबाला पटवून दिले होते व त्यासाठी मोठी रक्कम आगाऊ मागितली होती. दोन एकर जिरायत विकण्याची बोलणी चालू होती. घरात आणखी एक व्यक्ती होती : विद्यार्थ्याची अविवाहित आत्या, जन्म नैरोबीचा, वय सत्तरीकडे झुकलेले. मध्यस्थाच्या हिशेबात तिचे नावही नव्हते.

१९४८ चा कायदा आणि पंढरपूर-अक्कलकोट

'आमचे पूर्वज ब्रिटिश अमदानीत जन्मले, मग आमचा हक्क का नाही?' हा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातच मिळते. पंढरपूर ब्रिटिश मुलखात होते, तर अक्कलकोट हे संस्थान होते. त्यामुळे पंढरपुरात जन्मलेली व्यक्ती ब्रिटिश प्रजाजन ठरे, तर अक्कलकोटात जन्मलेली व्यक्ती ब्रिटिश दृष्टीने केवळ 'संरक्षित व्यक्ती' असे. साम्राज्यातही सर्वांचा दर्जा एक नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावे.

१९४८ चा ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा १ जानेवारी १९४९ रोजी अमलात आला आणि 'युनायटेड किंगडम व वसाहतींचे नागरिक' असा नवा वर्ग निर्माण झाला. भारतात राहणाऱ्यांना संविधानाच्या अनुच्छेद ५ नुसार भारतीय नागरिकत्व लाभले आणि त्यांच्यापुरता ब्रिटनशी संबंध राष्ट्रकुलाच्या सदस्यत्वाएवढाच उरला. म्हणजे केवळ ब्रिटिश हिंदुस्थानातील जन्मावर आज कोणताही दावा उभा राहत नाही. गोव्याचे उदाहरण येथे हमखास पुढे केले जाते. परंतु १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना मिळणारा लाभ पोर्तुगालच्या स्वतंत्र कायद्याचा आहे. त्याचा ब्रिटिश कायद्याशी काडीचाही संबंध नाही.

वसाहतीत राहणाऱ्या भारतीयांची गोष्ट निराळी होती. अनुच्छेद ८ अन्वये परदेशस्थ भारतीय वंशाच्या व्यक्तींना वकिलातीत नोंदणी करून भारतीय नागरिक होता येत असे. काहींनी ती केली. काहींनी ब्रिटिश दर्जाच पत्करला. त्यातच केनिया ही वसाहत असल्याने तेथे जन्मलेले मूल जन्मानेच 'युनायटेड किंगडम व वसाहतींचे नागरिक' होई. युगांडा हे संरक्षित राज्य असल्याने तेथील जन्माने केवळ संरक्षित व्यक्तीचा दर्जा मिळे.

केनिया, १९६८ आणि मुंबईतील रांग

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. केनियात जन्मलेला आणि आईवडिलांपैकी एक तरी केनियात जन्मलेला, अशी व्यक्ती आपोआप केनियाची नागरिक झाली. इतरांना नोंदणीसाठी दोन वर्षांची मुदत होती. ज्यांनी ती घेतली नाही, त्यांच्या हाती ब्रिटिश पारपत्र उरले. पूर्व आफ्रिकेतील भारतीयांत गुजराती व पंजाबी समाज संख्येने मोठा. मराठी माणसे त्या मानाने थोडी, आणि प्रामुख्याने नोकरीपेशातील. व्यापार नसल्याने त्यांच्याजवळ दुसऱ्या देशात हलविण्याजोगे भांडवलही नव्हते.

१९६७ मध्ये केनियाने परकीयांच्या नोकरी व व्यापारावर निर्बंध आणले. पारपत्रधारक ब्रिटनकडे निघाले आणि ब्रिटिश संसदेने विलक्षण घाईने दार लावून घेतले. फेब्रुवारीच्या अखेरीस मांडलेले विधेयक १ मार्च १९६८ रोजी कायदा झाले. ज्याचा स्वतःचा, आईवडिलांचा वा आजीआजोबांचा ब्रिटनमध्ये जन्म किंवा नागरिक म्हणून नोंद झालेली नाही, अशा पारपत्रधारकाचा मुक्त प्रवेश त्याने बंद झाला. शब्दांत वंशाचा उल्लेख नव्हता, परिणाम मात्र वंशानुसारच झाला. युरोपीय मानवी हक्क आयोगाने १९७३ मध्ये या वागणुकीस अवमानकारक ठरविले.

मुक्त प्रवेशाच्या जागी 'विशेष व्हाउचर' योजना आली. प्रारंभी वर्षाला १,५०० व्हाउचर, आणि तेही कुटुंबप्रमुखालाच. भारतात येऊन थांबलेल्या पारपत्रधारकांना मुंबईसारख्या ठिकाणी अर्ज करून वर्षानुवर्षे रांगेत राहावे लागे. १९७२ मध्ये इदी अमीन यांनी युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्यास फर्माविले, तेव्हा ब्रिटनने सुमारे २८ हजार जणांना सामावून घेतले. पण भारतातील रांग काही त्यामुळे संपली नाही. योजनेतील 'कुटुंबप्रमुख' हा शब्द वरकरणी निरुपद्रवी दिसतो. विवाहित स्त्री, पती अपंग वा दीर्घकाळ आजारी असल्याखेरीज, कुटुंबप्रमुख मानली जात नसे. मुंबईतील प्रवेश-अधिकाऱ्याच्या अशाच नकाराविरुद्ध एका स्त्रीने दाद मागितली. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८३ मध्ये बहुमताने निर्णय दिला की, लिंगभेदविरोधी कायदा या योजनेला लागूच होत नाही. स्त्रीच्या राष्ट्रीयत्वाचा विषय शिकविताना हा निकाल वर्गात अवश्य चर्चिला जावा, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दरम्यान १९८१ चा कायदा १ जानेवारी १९८३ पासून लागू झाला. ज्यांना ब्रिटनमध्ये वास्तव्याचा अधिकार होता ते 'ब्रिटिश नागरिक' झाले. ज्यांना तो नव्हता आणि उरलेल्या वसाहतींशीही ज्यांचा संबंध नव्हता, ते 'ब्रिटिश ओव्हरसीज सिटिझन' म्हणजे परदेशस्थ ब्रिटिश नागरिक ठरले. नावात नागरिक असूनही निवासाचा हक्क नाही. हा दर्जा सर्वसाधारणतः पुढील पिढीकडे जात नाही.

कलम ४ब

विशेष व्हाउचर योजना मार्च २००२ मध्ये बंद झाली. त्याच वर्षीच्या कायद्याने मूळ कायद्यात कलम ४ब घातले व ते ३० एप्रिल २००३ पासून अमलात आले. परदेशस्थ ब्रिटिश नागरिक, ब्रिटिश प्रजाजन आणि संरक्षित व्यक्ती या तीन वर्गांतील अर्जदारास त्याने ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणीचा हक्क दिला. ब्रिटनमधील वास्तव्याची वा भाषा-परीक्षेची अट त्यात नाही. अटी दोन आहेत व त्या कठोर आहेत. अर्जदाराजवळ दुसरे कोणतेही नागरिकत्व वा राष्ट्रीयत्व नसावे. तसेच ४ जुलै २००२ नंतर त्याने असे नागरिकत्व स्वतःहून सोडलेले, अथवा स्वतःच्या कृतीने वा निष्काळजीपणाने गमावलेले नसावे.

ही तारीखच साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे. मलेशियातील पेनांग व मलाक्का येथील अनेक कुटुंबांना हाच दर्जा होता. त्यांपैकी ब्रिटनमध्ये गेलेल्या काही तरुणांनी चुकीच्या सल्ल्यावरून मलेशियन नागरिकत्व सोडले. कलम ४बचा लाभ त्यांना मिळाला नाही आणि मायदेशही दुरावला. पुढे २०१० पासून हे कलम हाँगकाँगच्या 'ब्रिटिश नॅशनल (ओव्हरसीज)' वर्गालाही लागू झाले, तेथे मात्र निर्णायक तारीख १९ मार्च २००९ ही आहे. याच वर्गासाठी ३१ जानेवारी २०२१ रोजी खुला झालेला व्हिसाचा मार्ग वेगळा असून त्यात आधी वास्तव्य व मग नागरिकत्व असा क्रम आहे. मध्यस्थ मंडळी या दोहोंची सरमिसळ करतात.

प्रस्तुत कुटुंबाबाबत

विद्यार्थ्याचे वडील १९७४ साली पंढरपुरात जन्मले. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती, अगदी मोजके अपवाद वगळता, जन्मानेच भारतीय नागरिक आहे. म्हणून ते भारतीय, त्यांचा मुलगाही भारतीय, आणि दोघांनाही कलम ४ब बंद. मध्यस्थाचा पुढचा सल्ला होता की, वडिलांनी प्रथम भारतीय नागरिकत्वाचा त्याग जाहीर करावा. तो मानला असता तर ४ जुलै २००२ च्या अटीने वाट अडलीच असती, शिवाय मनुष्य कोणत्याच देशाचा उरला नसता. जमिनीची बोलणी थांबली, हे सांगावयास हरकत नाही.

आत्याची स्थिती याच्या नेमकी उलट. जन्म नैरोबीत, १९५७ साली. आईवडील दोघेही भारतात जन्मलेले, त्यामुळे केनियाचे नागरिकत्व आपोआप मिळाले नाही व कोणी नोंदणीही केली नाही. भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज कधी केला नाही. निवासाची परवानगी मात्र वेळोवेळी वाढवून घेतली. कागदोपत्री ती १९८३ पासून परदेशस्थ ब्रिटिश नागरिक आहे. बी (ओएस) हा अर्ज तिच्यासाठीच आहे. त्यासोबत नैरोबीचा जन्मदाखला, स्वतःची सर्व जुनी पारपत्रे, आणि भारत व केनिया या दोन्ही देशांचे नागरिकत्व नसल्याचा पुरावा जोडावा लागतो. शेवटचा पुरावाच सर्वांत अवघड, कारण नसलेल्या गोष्टीचा दाखला देण्याची सवय कोणत्याही कार्यालयाला नसते.

आत्याला लंडनला जाण्याची यत्किंचितही इच्छा नाही. दर वेळी परवानगी वाढविण्यासाठी माराव्या लागणाऱ्या खेपा तिला आता झेपत नाहीत, एवढीच तिची तक्रार. ब्रिटिश नागरिक झाल्यास भारतीय वंशाची व्यक्ती म्हणून 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डासाठी अर्ज करता येईल आणि मग त्या खेपा टळतील, हे तिला समजावून सांगितले. दोन्ही देशांच्या दर्जांत 'ओव्हरसीज' हाच शब्द कसा, असे तिने विचारले. जन्मदाखल्याच्या प्रतीसाठी नैरोबीला पत्र गेले आहे.