तुटलेल्या ओळीतला सम्राट

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात लोक चित्रं पाहायला शिरतात. ओसरीच्या डाव्या टोकाला, बाहेरच्या भिंतीवर एक झिजलेला शिलालेख आहे. त्यापुढे सहसा कुणी थांबत नाही. वाशिमच्या माणसाने तरी थांबायला हवं, कारण त्या दगडावर त्याच्या गावच्या राजांची नावं ओळीने कोरलेली आहेत. विंध्यशक्तीपासून निघालेली ती वंशावळ शेवटी हरिषेणापाशी येते. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात हा वाकाटक राजा वत्सगुल्मातून, म्हणजे आजच्या वाशिममधून, राज्य करत होता.

हरिषेणाचं कौतुक करताना लेखात देशांची नावं येतात: कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट, आंध्र. माळव्यापासून ओडिशापर्यंत आणि दक्षिण गुजरातपासून आंध्रापर्यंतचा हा पसारा. पण नेमका याच ठिकाणी दगड फुटला आहे आणि श्लोकाचं क्रियापद गेलं आहे. हे देश त्याने जिंकले, की त्यांनी त्याचं वर्चस्व मान्य केलं, की नुसता त्यांच्यावर वचक बसवला, हे सांगणारा शब्दच उरलेला नाही. ‘सम्राट’ ही पदवीही वाकाटकांमध्ये एकट्या पहिल्या प्रवरसेनाने घेतली होती. हरिषेणाचे ताम्रपट धुळे जिल्ह्यातल्या थाळनेरला सापडले, त्यांत तो ‘महाराज’च आहे. त्याचं सम्राटपण उभं आहे ते या अर्ध्या ओळीवर, आणि ती ओळ लिहवून घेणारा माणूस होता त्याचा मंत्री वराहदेव.

राजाचं चित्र राजाच्या माणसाने रंगवावं, हे जगभर घडलं आहे. रोममध्ये 25 डिसेंबर 800 रोजी पोपच्या हातून मुकुट घेतलेला ख्रिस्ती सम्राट शार्लमेन आपल्याला दिसतो तो मुख्यतः त्याच्या दरबारातल्या आइनहार्डच्या चरित्रातून. उतारवयात उशाखाली पाट्या ठेवून अक्षरं गिरवणारा सम्राट त्यानेच लिहून ठेवला. पुढे 843 मध्ये नातवांनी साम्राज्याचे तीन तुकडे केले, तरी चरित्र टिकलं, आखेनचं त्याचं प्रार्थनामंदिर टिकलं, आणि युरोपच्या एकीसाठी झटणाऱ्यांना आखेन शहर 1950 पासून त्याच्या नावाने पुरस्कार देतं. हरिषेणाच्या वाट्याला असं चरित्र आलं नाही. त्याच्या मंत्र्याने चरित्राऐवजी लेणं कोरवलं.

वराहदेव बौद्ध संघाला विहार देतो, त्याचं पुण्य आईवडिलांना अर्पण करतो. वाकाटक राजे मात्र वैदिक परंपरेतले. पहिल्या प्रवरसेनाने चार अश्वमेध केले होते. असा राजा, त्याचा बुद्धासाठी लेणं खोदणारा मंत्री, आणि शेजारच्या सतराव्या लेण्यात धाकट्या भावाच्या मृत्यूने खचलेला मांडलिक राजा, ज्याच्या लेखातही हरिषेणाचं नाव आदराने येतं. या काळाची ओळख रणांगणापेक्षा मला इथे जास्त पटते. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने तर अजिंठ्याची महायान काळातली जवळजवळ सगळी लेणी हरिषेणाच्या दीडदोन दशकांच्या कारकिर्दीत बसवली. त्याची वर्षावर्षांची काटेकोर मांडणी अनेकांना पटत नाही. पण हरिषेणाचा काळ वगळून अजिंठ्याचा विचार करता येत नाही, हे त्याच्या टीकाकारांनाही मान्य आहे.

वाकाटकांची ही वत्सगुल्माची शाखा आपल्याला सापडली तीही उशिराच. सोळाव्या लेण्याचा लेख वाचताना अभ्यासक ब्यूलरने प्रवरसेनानंतरच्या राजाचं नाव ‘रुद्रसेन’ असं लावलं होतं, त्यामुळे सगळं घराणं नंदिवर्धनच्या थोरल्या शाखेत मिसळून गेलं. मग 1939 मध्ये खुद्द वाशिमला दुसऱ्या विंध्यशक्तीचे ताम्रपट मिळाले. राज्याच्या सदतिसाव्या वर्षी, वत्सगुल्मातून, नांदेडकडचं एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याची ती नोंद. वंशावळ संस्कृतात आणि व्यवहाराचा मजकूर प्राकृतात! त्यात प्रवरसेनाचा मुलगा म्हणून सर्वसेनाचं नाव स्पष्ट होतं. संशोधक वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला, तर तिथेही ‘सर्वसेन’च होता. दोन अक्षरं नीट वाचली गेली आणि वाशिमला आपली राजधानी परत मिळाली.

वाशिमजवळच्या हिस्से बोराळ्याचा शिलालेख हरिषेणाच्या काळाला याहून जवळचा. हरिषेणाचा बाप देवसेन याच्या काळात, त्याच्या स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने तिथे जलाशय बांधला आणि गिरनारच्या प्रसिद्ध तलावावरून त्याला ‘सुदर्शन’ नाव दिलं. लेखात शक 380 असं वर्ष आहे, म्हणजे इ. स. 457-58. वाकाटक आपल्या लेखांत राजाच्या राज्यारोहणापासूनची वर्षं मोजत, त्यामुळे त्यांचा काळ ठरवताना अभ्यासक चाचपडत राहतात. त्या अंधारात पक्की खुंटी मिळाली ती वाशिम तालुक्यातल्या या तळ्यामुळे.

याच देवसेनाबद्दल वराहदेवाचा लेख सांगतो की, त्याने राज्याचा भार हस्तिभोजावर, म्हणजे वराहदेवाच्या बापावर, टाकला आणि स्वतः सुखोपभोगात रमला. लिहिणाऱ्याच्या मनात यात निंदा नाही, घराण्याचा अभिमान आहे. पण दंडीच्या ‘दशकुमारचरिता’तली विश्रुताची कथा वाचली की हे वाक्य वेगळं ऐकू येतं. विदर्भाचा पुण्यवर्मा सद्गुणी राजा. त्याचा मुलगा अनंतवर्मा बुद्धिमान, पण दंडनीतीचा कंटाळा करणारा. म्हातारा मंत्री वसुरक्षित कळकळीने समजावतो, तर खुशमस्कऱ्या विहारभद्र त्या उपदेशाची टर उडवतो. अश्मकाचा राजा आपला माणूस दरबारात पेरतो, तो शिकार, जुगार, मद्य यांचे फायदे पटवत राहतो. शेवटी वनवासीचा राजा चालून येतो, मांडलिक फितूर होतात आणि अनंतवर्मा मारला जातो. राणी दोन मुलांना घेऊन माहिष्मतीला पळते.

मिराशींनी पुण्यवर्म्यात हरिषेण ओळखला आणि या कथेत वाकाटकांच्या अंताची आठवण पाहिली. मला हा तर्क मोलाचा वाटतो. दंडीचे पूर्वज अचलपूरचे, हे ‘अवंतिसुंदरीकथे’वरून कळतं; विदर्भातली ही गोष्ट त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली असेल. शिवाय अजिंठा याला साथ देतो. सव्विसाव्या लेण्यात बुद्धभद्र भिक्षू अश्मकाच्या मंत्र्याचा गौरव करतो, वाकाटकांचं नाव तिथे नाही. चोविसावं लेणं, जे तिथल्या भव्य विहारांपैकी एक ठरलं असतं, अर्धवट खोदून सोडलेलं आहे. तिथे खडकात छिन्नीचे घाव तसेच दिसतात.

राज्य गेलं, पण वत्सगुल्माचं नाव साहित्यातून गेलं नाही. सर्वसेनाने स्वतः ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचलं होतं. ते आज हरवलं आहे, पण काश्मीरच्या आनंदवर्धनाने त्याची वाखाणणी केली. वाकाटकांनंतर चारएकशे वर्षांनी आलेल्या राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते वत्सगुल्मात. उज्जैन, कनोज, कांची सगळं हाताशी असताना त्याने हे गाव निवडलं. त्याच्या ‘कर्पूरमंजरी’च्या नांदीत तीन रीतींची नावं येतात, त्यांतली वैदर्भी रीती तो ‘वच्छोमी’ म्हणून ओळखतो. वच्छोमी म्हणजे वत्सगुल्माची, वाशिमची.