लखनौचे दरवाजे पुन्हा उघडताना

लखनौच्या बड्या इमामबाड्याचा जन्मच एका संकटातून झाला. १७८४ च्या सुमारास अवध प्रांत दुष्काळाने होरपळत असता नबाब आसफउद्दौल्याने हजारो हातांना काम मिळावे म्हणून ही प्रचंड वास्तू बांधावयास घेतली. दिवसा मजूर भिंती रचीत आणि उघडपणे मजुरी करण्यास लाजणारी खानदानी मंडळी रात्रीच्या अंधारात त्यांतील काही भाग पाडून आपली रोजी मिळवीत, अशी कथा लखनौकर आजही सांगतात. कथेत तथ्य किती हा प्रश्न सोडला, तरी मदत घेणाऱ्याची अब्रू राखण्याचा तिच्यातला विचार लखनवी तहजीबीला शोभणारा आहे खरा.

दुष्काळात पोट भरणाऱ्या या वास्तूने पुढे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या अवतीभवतीच्या लोकांना पोसले. २०२० च्या मार्चमध्ये मात्र तो झरा एकाएकी आटला. ११ मार्चला लखनौ शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण आढळला. १७ मार्चला पुरातत्त्व खात्याने देशभरातील आपली सर्व संरक्षित स्मारके प्रेक्षकांना बंद केली आणि १८५७ च्या वेढ्याच्या खुणा अंगावर वागविणारी रेसिडेन्सीही त्यात आली. २५ मार्चला देशभर टाळेबंदी सुरू झाली, आगगाड्या थांबल्या. शहरातली काही मोठी हॉटेले सरकारने ताब्यात घेऊन तेथे रुग्णसेवेतील डॉक्टरांची राहण्याची सोय केली. ज्या खोल्यांत पाहुण्यांचे आगतस्वागत व्हावयाचे, तेथे थकलेले डॉक्टर घरच्यांपासून दूर एकान्तात दिवस काढू लागले. त्याच सुमारास, ३ मे रोजी, नाशिकहून निघालेली श्रमिकांची खास गाडी चारबाग स्थानकावर आली. महाराष्ट्रात राबून परतणारे ते लोक हेच त्या दिवसांतले लखनौचे प्रवासी होते.

पर्यटन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे विमाने आणि हॉटेले उभी राहतात. लखनौत या व्यवसायाची मुळे कितीतरी खोल आणि बारीक आहेत. इमामबाड्यातील भूलभुलैया घ्या. सारख्याच दिसणाऱ्या ४८९ दारांच्या त्या अरुंद वाटांत गाइडवाचून नवखा माणूस हटकून चुकतो. म्हणून तेथला गाइड ही चैन नव्हे, गरज आहे. साथीच्या काळात नेमकी हीच जागा सर्वांत अवघड ठरणारी होती. खांद्याला खांदा लावल्यावाचून जेथे पुढे सरकता येत नाही, तेथे अंतर राखा म्हणून कोणी कोणाला सांगावे?

चिकनच्या कापडाची कहाणी याहून गुंतागुंतीची. चौकातल्या दुकानात आपण जो पांढराशुभ्र कुडता हाती घेतो, तो तेथवर येण्यापूर्वी कितीजणांच्या हातांखालून गेलेला असतो! एकजण कापड बेततो, दुसरा लाकडी ठशांनी त्यावर कच्च्या रंगाची वेलबुट्टी उमटवितो. मग ते कापड शहरातल्या मोहल्ल्यांत आणि आसपासच्या खेड्यांत जाते. तेथे बायका घरकाम उरकून उंबऱ्याशी बसतात आणि बखिया, मुर्री, फंदा, जाळी अशा टाक्यांनी ती वेलबुट्टी जिवंत करतात. शेवटी धोबी ते धुऊन ठशाचा रंग काढून टाकतात. २००८ साली लखनवी चिकनला भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु टाका घालणाऱ्या बाईला मिळते ती नगावर ठरलेली मजुरीच. प्रवासी आला नाही की दुकान ओस पडते. दुकानदार व्यापाऱ्याला नकार कळवितो, व्यापारी मध्यस्थाला, आणि अखेरीस खेड्यातल्या त्या बाईकडे कापडच येत नाही. तिची नोकरी गेली असे कोणत्याही वहीत नोंदले जात नाही, कारण ती नोकर म्हणून कोणाच्या वहीत कधी नव्हतीच.

आपत्तीचा आवाका सांगणारे आकडे नंतर पुढे आले. २०१९ साली सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पाहुणे भारतात आले होते. २०२० साली ते २७ लाखांवर आणि २०२१ साली १५ लाखांवर उतरले. उत्तर प्रदेशात देशी प्रवाशांच्या भेटींची संख्या २०१९ मध्ये ५३ कोटींहून अधिक होती, ती पुढल्याच वर्षी नऊ कोटींच्याही खाली गेली. केंद्र सरकारने करविलेल्या अभ्यासानुसार साथीच्या पहिल्या लाटेत पर्यटनाशी निगडित सुमारे १ कोटी ४५ लाख रोजगार बुडाले.

इतका मोठा गाडा पुन्हा रुळावर आणावयाचा तर तो ओढणारे सारे एकाच दिशेने चालावयास हवेत. अडचण नेमकी येथे होती. स्मारक केंद्राचे, शहरातली शिस्त जिल्हाधिकाऱ्याची, आरोग्याचे नियम राज्याचे, हॉटेल खाजगी मालकाचे! ८ जून २०२० पासून हॉटेले उघडण्यास परवानगी मिळाली आणि ६ जुलैपासून पुष्कळशी स्मारकेही खुली झाली. पण मुंबईच्या एखाद्या कुटुंबाने लखनौला जावयाचे म्हटले, तर वाटेत कोणता दाखला मागतील आणि उतरल्यावर किती दिवस घरात बसवतील, हे त्यांना कोणी खात्रीने सांगू शकत नव्हते. आंतरराज्य प्रवासावर निर्बंध घालू नयेत, असे केंद्रीय गृह खात्याला ऑगस्टमध्ये राज्यांना पुन्हा पत्र पाठवून बजवावे लागले, यावरूनच काय ते समजावे. प्रवाशाला नियमाचा जाच सोसतो. अनिश्चितता मात्र त्याला घरीच बसविते.

उपाय झाले नाहीत असे नव्हे. हॉटेलांनी स्वच्छता कशी राखावी, नोकरवर्गाला काय शिकवावे, यासाठी पर्यटन मंत्रालयाने 'साथी' ही योजना आखली. २८ जून २०२१ रोजी कर्जहमीची योजना जाहीर झाली, तीत प्रवासी कंपन्यांना १० लाख रुपयांपर्यंत आणि परवानाधारक गाइडांना १ लाखापर्यंत कर्ज तारणावाचून मिळावयाचे होते. पहिल्या ५ लाख परदेशी पर्यटकांना व्हिसा विनामूल्य देण्याचेही ठरले. हे सारे योग्यच. तथापि कर्ज हे कर्ज असते, आणि परवाना असलेल्या गाइडाला ते मिळाले तरी टांगेवाल्याचे काय? रस्त्यावरील विक्रेत्यांसाठी जून २०२० मध्ये १० हजार रुपयांच्या खेळत्या भांडवलाची वेगळी योजना निघाली, ती अशा लहान माणसाच्या अधिक जवळची होती. चिकनचे टाके घालणारी बाई मात्र गाइडही नव्हे आणि विक्रेतीही नव्हे. आपल्या योजना माणसाला त्याच्या व्यवसायाच्या नावाने शोधतात. तिच्या व्यवसायाला पर्यटन म्हणावे की हस्तकला, हे ठरेपर्यंत चूल कशी पेटावी?

सावरण्याची चाहूल लागते न लागते तोच एप्रिल २०२१ ची दुसरी लाट आली. १६ एप्रिलला स्मारके पुन्हा बंद झाली. त्या आठवड्यांत लखनौत प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी लोकांच्या रांगा लागल्या होत्या. पर्यटनाचा विचार तेव्हा कोणाच्याच मनात नव्हता आणि नसावयासच हवा होता. स्मारकांची कुलुपे निघाली ती १६ जूनला.

पुढे जी उभारी आली ती प्रथम आपल्याच देशबांधवांनी आणली. परदेशी पर्यटकांना व्हिसा मिळू लागले ते २०२१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि त्यांची नेहमीची विमाने तर २७ मार्च २०२२ पर्यंत सुरू नव्हती. तोवर कानपूरचे, दिल्लीचे, आपल्या मुंबईचेही लोक गाड्यांनी येऊ लागले होते. लखनौला याचा लाभ झाला, कारण हे शहर पूर्वीपासूनच देशी पाहुण्यांवर अधिक विसंबून आहे. २०२२ साली उत्तर प्रदेशातील देशी प्रवाशांच्या भेटी ३१ कोटींपलीकडे गेल्या. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर युनेस्कोने लखनौची खाद्यसंस्कृतीचे सर्जनशील शहर म्हणून निवड केली, तेव्हा कबाब, कुलचे आणि थंडीतल्या माखन-मलाईची ख्याती जगभर पोहोचली.

मराठी वाचकाला तिकडे जाण्यास आणखी एक निमित्त आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौत स्थापन झालेले संगीत महाविद्यालय आज त्यांच्याच नावाचे विद्यापीठ झाले आहे. ते पाहून झाल्यावर चौकात अवश्य जावे. तेथे चिकन घेताना कापड उलटे करून मागील बाजूचे टाके पाहावेत, म्हणजे हातकाम कोणते आणि यंत्रकाम कोणते हे ध्यानी येते; आणि हातकाम असेल, तर भावात फार घासाघीस करू नये.