शून्य कोनाची कैफियत

कोन म्हटला की दोन रेषांमधली फट डोळ्यांपुढे उभी राहते. आणि जेथे फटच नाही, एक किरण दुसऱ्यावर तंतोतंत निजलेला आहे, तेथेही कोन असतो असे म्हणणे हा मास्तरांचा हट्ट होय, असे शाळेतल्या पोराला वाटले तर त्याला दोष देता येत नाही, कारण खुद्द युक्लिडचा कौल त्याच्याच बाजूचा आहे. इसवी सनापूर्वी 300 च्या सुमारास रचलेल्या ‘एलिमेंट्स’मध्ये कोनाची व्याख्या करताना, एकमेकींस मिळणाऱ्या परंतु एका सरळ रेषेत नसणाऱ्या रेषांचा परस्परांशी असलेला कल, अशी अट त्याने घातली, आणि 0 अंशाचा कोन व 180 अंशांचा सरळ कोन असे दोघेही एकाच हुकमाने बेदखल झाले.

त्रिकोणमितीला ही बेदखली परवडणारी नव्हती. भिंतीला टेकवलेली 10 हात लांब शिडी जमिनीशी 30 अंशांचा कोन करीत असता तिचे टोक 5 हात उंच असते; पायथा मागे ओढत कोन 10 अंशांवर आणला की ती उंची पावणेदोन हातांच्या घरात येते, 1 अंशावर वीतभरही उरत नाही, आणि शिडी आडवी होताच उंची शून्य व पायथ्याचे अंतर पुरते 10 हात होते. शून्य अंशाची ज्या 0 आणि कोज्या 1, असे आपण परीक्षेपुरते घोकले ते हेच. त्रिकोण येथे उरलेला नाही, हे खरे, आणि ज्यांत उंचीने भागावे लागते ती गुणोत्तरे निरर्थक ठरतात, हेही खरे. बाकीची मूल्ये मात्र बिनतक्रार दप्तरी दाखल होतात.

ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. आर्यभटाने इ. स. 499 च्या सुमारास ज्यांचे 24 फरक दिले. त्यांतला पहिला 225, आणि त्याचा कंसही 225 कलांचाच, म्हणजे 3 अंश 45 कलांचा. कोन इतका लहान झाला की धनुष्य व दोरी यांतला भेद जवळजवळ मिटतो. शून्याची ज्या त्या यादीत नाही. पण पहिला फरक मोजला आहे तो तिच्यापासूनच.

एक घोटाळा उरतो. शून्य कोन आणि 360 अंशांचा पूर्ण कोन यांची आकृती एकच. कोण कोणता, हे किरण किती फिरला यावरूनच ठरते. खात्री करावयाची असल्यास वाचकांनी भर बारा वाजता घड्याळाकडे पाहावे आणि 1 वाजून 5 मिनिटे 27 सेकंदांनी पुन्हा पाहावे: काटे तसेच एकावर एक, पण मधल्या वेळात मिनिटकाट्याने तासकाट्यावर पुऱ्या 360 अंशांची आघाडी घेतलेली असते.