रानकुत्र्यांची टोळी

समुद्रातले डॉल्फिन टोळीने राहतात व मिळून मासे घेरतात, हे आपण पुस्तकात वाचतो. असे उदाहरण आपल्या जिल्ह्यातही आहे. मुक्कीच्या बाजूने कान्हाच्या जंगलात गेल्यास, नशीब असेल तर, तांबूस अंगाचे व काळ्या झुपकेदार शेपटीचे रानकुत्रे दिसतात. हिंदीत त्यांना सोनकुत्ता म्हणतात.

एका रानकुत्र्याचे वजन जेमतेम १२ ते २० किलो. एकट्याने सांबर पाडणे त्याला कठीणच. टोळीत मात्र काही जण मागे धावतात, काही आडवे जातात. दाट झाडीत चुकामूक झाली तर शिट्टीसारखा आवाज काढून ते पुन्हा एकत्र येतात. टोळीत बहुधा एकाच मादीला पिल्ले होतात. बाकीचे शिकार करून येतात व पोटातले मांस तिच्यापुढे आणि पिल्लांपुढे ओकतात. ऐकून किळस वाटेल, पण पिल्ले त्यावरच वाढतात. ती धावू लागली की शिकारीवर आधी त्यांनाच खाऊ देतात.

अशा प्राण्याला मारल्याबद्दल इंग्रजांच्या काळात सरकारी बक्षीस मिळे! किपलिंगच्या मोगलीच्या गोष्टींतही तो खलनायकच आहे. १९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण मिळाले, तरी आजही तो जगातल्या संकटग्रस्त प्राण्यांत मोडतो.

टोळीत राहण्याचा तोटाही आहे. एकाला रोग झाला की सर्वांना लागतो. गावातल्या कुत्र्यांचा रेबीज किंवा डिस्टेंपर जंगलात पोहोचू शकतो. म्हणून ज्या पालकांचे घर वा शेत जंगलालगत आहे, त्यांनी आपल्या कुत्र्यांना लस टोचून घ्यावी व त्यांना जंगलात मोकळे सोडू नये, ही विनंती.