‘डावीकडून चालवा’, पण चौक आला की?

जानेवारी उजाडला की शाळाशाळांत रस्ता सुरक्षेचे वारे वाहू लागते. पूर्वी त्याचा सप्ताह असे, २०२१मध्ये पहिल्यांदा महिना झाला. वाहतूक शाखेचे पाहुणे येतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, आरएसपीची (रोड सेफ्टी पेट्रोलची) मुले पट्टा-शिट्टी लावून रांगेत उभी राहतात आणि सायकलवर येणाऱ्या मुलांच्या पदरात तीन वाक्ये पडतात : डावीकडून चालवा, लाल दिव्याला थांबा, हेल्मेट घाला. तिन्ही खरी आहेत. पण सायकलस्वाराचा कस लागतो तो चौकात, आणि तिथे पहिले वाक्य अर्ध्यावर साथ सोडते, दुसरे अपुरे पडते आणि तिसरे धडक बसल्यावरच कामाला येते. सायकल चालवणे आपण मुलांना शिकवतो. चौक ओलांडणे शिकवत नाही. ही दोन वेगळी कौशल्ये आहेत आणि दुसऱ्याचा वर्ग चौकातच भरवावा लागतो, असे माझे म्हणणे आहे.

छत्रपती संभाजीनगरचा जालना रोड घ्या. बाबा पंप, क्रांती चौक, आकाशवाणी, सेव्हन हिल्स, सिडको असे टप्पे घेत चिकलठाण्याकडे जाणारा हा रस्ता शहराचा कणा आहे. वस्त्या, शाळा आणि शिकवण्या त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या, म्हणजे मुलांना तो कुठे ना कुठे ओलांडावाच लागतो. समजा, सातवीतली एक मुलगी सिग्नलला थांबली आहे. तिला सरळ जायचे आहे आणि शिकवल्याप्रमाणे ती अगदी डाव्या कडेला उभी आहे. ‘लेफ्ट फ्री’ असलेल्या चौकात नेमकी हीच जागा डावीकडे वळणाऱ्यांची असते. मागून रिक्षा हॉर्न मारते, ती आणखी कडेला सरकते. दिवा हिरवा होतो, ती सरळ निघते आणि शेजारची बस डावीकडे वळते. लांब गाडी वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आत दाबली जातात. शिवाय चालकाला आरशात डाव्या कुशीतली सायकल दिसेलच असे नाही. नियम पाळणारी मुलगी इथे नियम पाळल्यामुळेच अडचणीत येते. तिला सांगायला हवे होते ते असे : सरळ जायचे असेल तर कडेपासून हातभर आत, डावीकडे वळणाऱ्या गाडीच्या पुढे चालकाला दिसेल अशी उभी राहा, नाहीतर तिच्या पूर्ण मागे, बाजूला कधीच नाही.

उजवीकडे वळणे याहून अवघड. मोटारसायकलवाला इंडिकेटर देऊन रस्त्याच्या मध्यावर येतो. सायकलवरच्या मुलाला तेच करायचे तर मागून चाळीसच्या वेगाने येणाऱ्या दोन-तीन रांगा कापाव्या लागतात. त्याला आरसा नसतो, मान वळवून पाहावे लागते आणि उजवीकडे मान वळली की नवशिक्याचे हँडलही उजवीकडे वळते. म्हणून पहिला धडा शाळेच्या मैदानावर खडूच्या रेघेवर हवा : रेघ न सोडता मागे पाहायचे आणि मागे उभ्या असलेल्या शिक्षकांनी किती बोटे दाखवली ते सांगायचे. दुसरा धडा दोन टप्प्यांतल्या वळणाचा. आधी डावी बाजू धरून सरळ चौक ओलांडायचा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबून सायकलचे तोंड उजवीकडे करायचे आणि त्या दिशेचा दिवा हिरवा झाला की बाकीच्यांबरोबर निघायचे. डेन्मार्कमध्ये वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे तिथे हे वळण डावीकडचे. मोठ्या चौकांत सायकलस्वाराने ते असे दोन टप्प्यांतच घ्यावे असा तिथला नियम आहे. त्यात दीड-दोन मिनिटे जातात, पण गाड्यांच्या रांगा कापाव्या लागत नाहीत.

आता दिव्याचे गणित. चौक ३० मीटर रुंद धरा. ताशी ४० किलोमीटरने जाणारी मोटारसायकल तो तीन सेकंदांच्या आत पार करते. ताशी १२च्या वेगाने जाणाऱ्या मुलाला नऊ सेकंद लागतात. पिवळा दिवा साधारण तीन सेकंदांचा. म्हणजे हिरवा संपता संपता आत शिरलेला मुलगा चौकाच्या मध्यावर असतानाच आडव्या रस्त्याची वाहने सुटू शकतात, आणि आपल्याकडे ती सुटायच्या आधीच चार पावले पुढे सरकलेली असतात. त्याने एकही नियम मोडलेला नाही. दिव्याची वेळ इंजिनाच्या हिशेबाने लावलेली आहे, पायडलच्या नाही. म्हणून ‘लालला थांब’ एवढ्याने भागत नाही. आपण पोहोचण्याआधीपासून हिरवा असलेल्या दिव्यावर विसंबू नये, पुढच्या हिरव्याची वाट पाहावी, हे वेगळे शिकवावे लागते.

हे सगळे आजवर निसटले कसे, याचे एक कारण कायद्यात आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने ‘मोटार वाहन’ म्हणून ज्याची व्याख्या केली त्यात यंत्राविना चालणारी सायकल बसत नाही. तिला परवाना नाही आणि म्हणून परीक्षाही नाही. एकेकाळी नगरपालिका सायकलचा कर घेऊन बिल्ला देत आणि पोलीस डबलसीट किंवा बिनदिव्याची सायकल धरत. तेव्हाही पाहिला जाई तो दिवा आणि बिल्ला. चौकात ती सायकल कशी वळते हे कोणाच्या खिजगणतीत नव्हते. परीक्षा देऊन परवाना घेतलेल्यांचेही फार वेगळे नाही. दिवे नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यावे, हा नियम १९८९च्या नियमावलीत स्पष्ट होता. तो किती परवानाधारकांच्या आचरणात आहे, हे कोणत्याही दुपारी सिडकोतल्या आतल्या चौकांवर दिसते.

चौकातल्या या शिकवणीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप संशोधनातूनच येतो. शिकवल्याने मुलांचे ज्ञान वाढते, पण अपघात कमी झाल्याचा पुरावा सापडत नाही, असे मुलांच्या सायकल प्रशिक्षणावरच्या अभ्यासांचा २०१४मध्ये घेतलेला एक एकत्रित आढावा सांगतो. स्वीडनच्या स्टीना सँडेल्स यांनी १९६०च्या दशकातच दाखवून दिले होते की लहान मुलाला वाहनाचा वेग, अंतर आणि आवाजाची दिशा मोठ्यांसारखी जोखता येत नाही. कितीही पढवले तरी ते वय व्हावे लागते. हे मान्य करूनच पुढे जायला हवे. त्यातून निघते ते एवढेच की तिसरीतल्या मुलाच्या गळ्यात चौकाची जबाबदारी घालू नये, आणि अंगणातल्या शिकवणीचे अपयश चौकाच्या शिकवणीच्या नावावर टाकू नये. ब्रिटनला हा फरक कळायला बराच काळ लागला. तिथली सायकल प्रवीणता परीक्षा १९४७मध्ये सुरू झाली, १९५८मध्ये देशभर गेली, आणि बहुतेक मुलांनी ती शाळेच्या आवारात शंकू मांडून दिली. २००७मध्ये आलेल्या ‘बाइकएबिलिटी’त मात्र पहिली पातळी आवारातली आणि दुसरी खऱ्या रस्त्यावरची.

दुसरा आक्षेप असा : चौक धोक्याचा तो धोक्याचाच, मुलांना शिकवत बसण्यापेक्षा चौक सुधारा. आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने नेदरलँड्सचा इतिहास उभा आहे. तिथे १९७१मध्ये सुमारे ३३०० माणसे रस्त्यावर दगावली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यातून ‘मुलांच्या हत्या थांबवा’ ही चळवळ उभी राहिली आणि रस्ते बदलले. पण तोच देश दहा-बारा वर्षांच्या मुलांची वाहतूक परीक्षाही घेतो, आणि तिचा प्रत्यक्ष भाग गावातल्या रस्त्यांवर सायकल चालवून द्यावा लागतो. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगरनेही २०२०मध्ये केंद्राच्या ‘सायकल्स फॉर चेंज’ उपक्रमात भाग घेतला. पण नुसत्या पट्ट्यांनी आखलेली मार्गिका सायकलला सांभाळते ती दोन चौकांच्या मधल्या पट्ट्यात. चौक आला की पट्टा पुसट होतो आणि मूल पुन्हा एकटे. उड्डाणपुलांनी वेगवान वाहने वर नेली खरी, पण सायकलच्या वाट्याला खांबांची रांग आली. वळणारी गाडी त्या खांबाआडून अचानक समोर येते. चौक सुधारेपर्यंत पाचवीतली मुले दहावी पार करतात, एवढे एकच उत्तर या आक्षेपाला पुरेसे आहे.

‘आता सायकल चालवतो कोण?’ हा प्रश्न मोटारीच्या काचेआडून सुचतो. २०११च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्यांमध्ये कामावर सायकलने जाणारे सुमारे १३ टक्के होते, मोटारसायकल-स्कूटरवाल्यांपेक्षा किंचित जास्तच. त्यानंतर दुचाक्या भरमसाट वाढल्या, हे खरे. पण २०२२मध्ये देशात रस्त्यांवर मेलेल्या १,६८,४९१ जणांपैकी जवळपास तीन टक्के सायकलवर होते. आणि शाळेतल्या बहुतेक मुलांना कायद्याने मोकळे असलेले वाहन मुख्यतः हेच. अल्पवयीनाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद २०१९च्या दुरुस्तीने केली. शासन स्वतःही सायकल देते : मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेपर्यंतच्या अंतरासाठी सायकलचे अनुदान मिळते. मराठवाड्यातल्या अनेक मुलींची शाळा टिकली ती या सायकलमुळे. अशा मुलीच्या वाटेत गावचा रस्ता जिथे हमरस्त्याला मिळतो तिथे बहुधा दिवा नसतो, पोलीस नसतो. उसाचे ट्रॅक्टर आणि एसटी मात्र असतात. अनुदानासाठी सायकल घेतल्याची पावती दाखवावी लागते. त्याच दिवशी, त्याच फाट्यावर, तासाभराची शिकवणीही देता येईल.

मुलांना रस्त्यावर नेले आणि काही झाले तर जबाबदार कोण, ही मुख्याध्यापकांची धास्ती खोटी नाही. त्यावर उतारा म्हणजे पायऱ्या लावणे. आधी मैदानावरची खडूची रेघ. मग रविवारी सकाळी सातला, शहरातल्या गजानन महाराज मंदिराजवळच्या किंवा टीव्ही सेंटरच्या चौकात रहदारी जागी होण्याआधी, सहा-सात मुलांचा गट, दोन शिक्षक आणि एक वाहतूक पोलीस. सायकली स्टँडवर लावून पहिला अर्धा तास नुसते फुटपाथवरून पाहायचे : पिवळा किती सेकंद टिकतो ते मोजायचे, बसची मागची चाके वळणावर कुठून जातात ते पाहायचे, कोणता रिक्षावाला वळण्याआधी मागे बघतो आणि कोणता बघत नाही ते वहीत टिपायचे. त्यानंतर एकेकाने दोन टप्प्यांत चौक ओलांडायचा. पंधरा दिवसांनी तोच गट त्याच चौकात, पण या वेळी शाळा सुटण्याच्या वेळेला.