अपग्रेडनंतर येणारे फोन

कॉम्प्युटर बंद पडला की गिऱ्हाईक थोडक्यात बोलतं. "चालूच होत नाही," एवढंच. अपग्रेडनंतरचा फोन मात्र लांबतो, कारण कॉम्प्युटर व्यवस्थित चालू असतो आणि माणूस अडून बसलेला असतो. साताऱ्यात माझं दुरुस्तीचं दुकान आहे, त्यामुळे दोन्ही प्रकारचे फोन रोजचेच. पण २०२५च्या दिवाळीत दुसऱ्या प्रकाराला ऊत आला. विंडोज १०ला मोफत सुरक्षा-दुरुस्त्या देणं मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी १४ ऑक्टोबरला थांबवलं, आणि लक्ष्मीपूजन होतं २१ला. दिवाळी अंकांची शेवटची पानं, फराळाच्या डब्यांची लेबलं, दुकानांच्या जाहिराती, सगळी घाई त्याच पंधरवड्यात. तारीख ठरवणाऱ्याला हे कुठून माहीत असणार!

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. आपण वर्ड वापरतो, हिशेबाचा प्रोग्रॅम वापरतो, त्यातला एकही प्रोग्रॅम प्रिंटरशी किंवा डिस्कशी थेट बोलत नाही. मधे ऑपरेटिंग सिस्टीम असते. प्रत्येक जोडलेल्या यंत्राशी कसं बोलायचं ते तिला सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. तो विंडोज बनवणारी कंपनी नाही, बहुतेक वेळा त्या यंत्राची कंपनी लिहिते. मधली सिस्टीम बदलली की वरच्या प्रोग्रॅमचं आणि खालच्या यंत्राचं तिच्याशी नव्याने जुळावं लागतं. लोकांना दिसतो फक्त पडद्यावरचा नवा रंग, म्हणून शिव्याही रंगालाच बसतात.

सगळ्यात जास्त येणारा फोन असा: "अहो, माझं स्टार्ट कुठं गेलं?" १९९५च्या विंडोजपासून ते बटण डाव्या खालच्या कोपऱ्यात होतं. २०१२च्या विंडोज ८ने ते काढूनच टाकलं, जगभर बोंब झाली, वर्षभरात ८.१मध्ये बटण परत आलं आणि पूर्ण मेन्यू परतायला २०१५चं विंडोज १० उजाडावं लागलं. एवढं सगळं होऊनही २०२१च्या विंडोज ११ने ते पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीच्या मधोमध नेऊन ठेवलं. सेटिंग्जमध्ये जाऊन ते पुन्हा डावीकडे आणता येतं, अर्ध्या मिनिटाचं काम. उजव्या क्लिकच्या मेन्यूतलं कट-कॉपी-पेस्ट चित्रं होऊन वर जाऊन बसलं, आणि नेहमीचे बाकीचे पर्याय 'आणखी पर्याय दाखवा' या ओळीमागे गेले. फोटो स्टुडिओवाल्या एका मित्राची पट्टी पडद्याच्या डाव्या कडेला उभी असायची, कारण आडव्या पडद्यावर उंची अपुरी पडते. विंडोज ११ने ती सोय काढली. उघड्या फायलींची नावं पट्टीवर वेगवेगळी दिसायची, तेही गेलं. ओरड झाल्यावर २०२३मध्ये ते परत दिलं. या तक्रारींचा आवाज सर्वांत मोठा असतो, पण पंधरा-वीस दिवसांत हात वळतो आणि फोन थांबतात.

खरी अडचण छपाईच्या धंद्यात आहे, आणि ती बाहेरच्यांना सहसा कळत नाही.

आमच्याकडे डीटीपीचं काम करणाऱ्या एक ताई आहेत. लग्नपत्रिका, अहवाल, शाळांची स्मरणिका आणि दिवाळीत एक-दोन अंक. त्यांचा सगळा जुना मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये आहे. त्या फाँटची गंमत अशी की कॉम्प्युटरच्या लेखी ती मराठी नसतेच. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर वेलांट्या, काने, अर्धी अक्षरं यांची चित्रं बसवलेली असतात. फाँट काढला की पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. असा फाँट नव्या विंडोजवर टाकायला फारशी अडचण येत नाही. अडतं ते टायपिंगचं सॉफ्टवेअर. कीबोर्ड आणि पानं लावायचा प्रोग्रॅम यांच्या मधे बसून ते ही चित्रं योग्य क्रमाने टाकतं, आणि बऱ्याच ठिकाणी ते डाँगलवर चालतं. डाँगल म्हणजे यूएसबीला लावायचं कुलूप. ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. त्या कुलपालाही ड्रायव्हर लागतो. ६४ बिट विंडोज रीतसर डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर चालू देत नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटच येतं. ताईंचं सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलेलं, कुलूप खरं, पावती जपून ठेवलेली, तरी अपग्रेडनंतर ते म्हणतं, कुलूप सापडत नाही. विकणाऱ्या कंपनीचं म्हणणं, नवी आवृत्ती घ्या. ताईंचं म्हणणं, मी नवी आवृत्ती मागितलीच कुठं होती? मी ताईंच्या बाजूचा आहे.

युनिकोडवाल्यांनाही एक ठेच लागते. मंगल हा फाँट विंडोज २०००पासून आपल्या ओळखीचा. सरकारी पत्रांपासून प्रश्नपत्रिकांपर्यंत सगळीकडे तोच. विंडोज १०पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फाँट 'देवनागरी पूरक फाँट' या ऐच्छिक भागात गेले. कोरी विंडोज टाकली आणि भाषांच्या यादीत मराठी किंवा हिंदी जोडली नाही, तर ते नसतात. मग वर्ड त्यांच्या जागी दुसराच फाँट घेतं, अक्षरांची रुंदी बदलते, आणि चार पानांची प्रश्नपत्रिका पाचव्या पानावर सांडते. मजकूर सगळा शाबूत असतो, पण मुख्याध्यापकांना वाटतं व्हायरस आला. सेटिंग्जमधल्या 'ऐच्छिक सुविधा'त जाऊन तो भाग उतरवून घेतला की संपलं. हे एवढं वाक्य अपग्रेडच्या पहिल्या पडद्यावर मराठीत लिहिलं असतं, तर माझे कितीतरी फोन वाचले असते.

पतसंस्थांचा प्रकार निराळा. काही जुन्या संस्थांचा हिशेब डॉसवरच्या फॉक्सप्रोत लिहिलेल्या प्रोग्रॅमवर वर्षानुवर्षं बिनचूक चाललाय. लिहिणारा माणूस केव्हाच पुण्याला निघून गेलेला. ३२ बिट विंडोज १०वर असे प्रोग्रॅम चालत. ६४ बिटवर मुळीच चालत नाहीत. डॉसचा आभास निर्माण करणारे प्रोग्रॅम मिळतात, पण पासबुक छापायच्या डॉट मॅट्रिक्सपाशी येऊन बहुधा गाडी अडते. अशा ठिकाणी मी अपग्रेड करत नाही. तो जुना संगणक इंटरनेटपासून पूर्ण तोडून, रोजचा बॅकअप लावून बाजूला ठेवतो आणि संचालक मंडळाला नव्या सॉफ्टवेअरचा ठराव करायला सांगतो. ठराव होतो. पुढचं विचारू नका.

आता शिक्षकांची गोष्ट. निवृत्त झालेले एक गुरुजी, सातव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम, यंत्र ठणठणीत. तपासणीच्या प्रोग्रॅमने सांगितलं, हे यंत्र विंडोज ११ला चालणार नाही. मोजके अपवाद सोडले तर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो, म्हणजे साधारण २०१७च्या उत्तरार्धानंतरचा. शिवाय टीपीएम २.० हवं. ही गुप्त किल्ल्या सांभाळणारी चिप. डिस्क कुलूपबंद केली तर तिची किल्ली हिच्यापाशी राहते आणि डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावणाऱ्या चोराच्या हाती काही लागत नाही. पुष्कळ यंत्रांत ती असूनही बायोसमध्ये बंद असते, नुसती चालू केली की नकाराचा होकार होतो; तेव्हा 'नवीनच घ्या' म्हणणाऱ्या दुकानदाराला आधी हे विचारा. गुरुजींच्या यंत्रात चिप होती, प्रोसेसरच एक पिढी मागे. चिपची अट मला पटते. चालत्या प्रोसेसरला दारातच अडवणं पटत नाही. गुरुजी पेन्शनची साईट बघतात, नातवाशी बोलतात, मराठीत लिहितात. त्यांना नवं यंत्र कशाला? अटींना बगल देऊन विंडोज ११ घालायच्या युक्त्या आहेत, पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही, म्हणून मी त्या वापरत नाही. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची योजना काढली. सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या खात्यात ठेवायची तयारी असेल, तर पैसेही पडत नाहीत. गुरुजींना ती घेऊन दिली. नंतर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकू असं ठरलंय. गुरुजी शिकायला घाबरत नाहीत, त्यांचा मुलगा घाबरतो.

कौतुकाचेही फोन येतात, फक्त ते जाहिरातीतल्या गोष्टींबद्दल नसतात. "काय पळतोय हो आता!" हे वाक्य मी सर्वाधिक ऐकतो, आणि त्याचं श्रेय विंडोजला फारच थोडं जातं. अपग्रेड करताना मी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवतो. जुन्या डिस्कमध्ये तबकडी फिरवून सुई माहितीपर्यंत न्यावी लागे; एसएसडीत हलणारा भागच नाही. बेकरीतली जुनी भट्टी काढून नवी बसवली आणि लोक पाटीवरच्या नव्या अक्षरांना नावाजू लागले, तसं हे.

पण काही कौतुक खरंच विंडोजचं आहे. करसल्लागार असलेल्या एका गिऱ्हाईकाला मी विंडोज की आणि व्ही एकत्र दाबायला शिकवलं. कॉपी केलेल्या मागच्या पंचवीस गोष्टींची यादी समोर येते. पॅन नंबर, जीएसटी नंबर पुन्हा पुन्हा चिकटवणाऱ्याला याहून मोठी भेट नाही. फक्त एकदा ती चालू करावी लागते. २०२२पासून फोल्डरच्या खिडकीत टॅब आले, तेही त्यांना आवडले. गुरुजींना आवडला मराठी फोनेटिक कीबोर्ड, जो विंडोज १०च्या मे २०१९च्या अपडेटमध्ये आला. इंग्रजी अक्षरांत 'नमस्कार' टाइप करा, देवनागरीत उमटतो. विंडोज ७वरून उशिरा उठलेल्या लोकांना तो नव्या यंत्रावर अचानक सापडतो आणि ते मला पेढे देतात. मी खातो.

मला अनुभवाने एक पटलंय: शिव्या आणि शाबासकी दोन्ही बऱ्याचदा वेळेवर अवलंबून असतात. २००७च्या व्हिस्टाला लोकांनी झोडपलं, २००९च्या विंडोज ७ला डोक्यावर घेतलं. आतून ७ हे व्हिस्टाच्याच पायावर उभं होतं. मधल्या काळात ड्रायव्हर तयार झाले, यंत्रांची रॅम वाढली. २०१८च्या ऑक्टोबरमधल्या विंडोज १०च्या अपडेटने काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फायलीच पुसल्या. मायक्रोसॉफ्टने ते दोन-चार दिवसांत थांबवलं आणि दुरुस्त करून नोव्हेंबरमध्ये पुन्हा दिलं. थांबलेल्यांचं काही बिघडलं नाही.

तेव्हा अपग्रेडला सप्टेंबर-ऑक्टोबर आणि मार्च हे महिने टाळा. आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या; वनड्राइव्हवर विसंबू नका, तिथं फुकट मिळते ती फक्त पाच जीबी जागा. डिस्क कुलूपबंद असेल तर तिची रिकव्हरी की कागदावर लिहून कपाटात ठेवा. अपग्रेड झालं की त्याच आठवड्यात प्रिंटर, स्कॅनर, डाँगल, डिजिटल सहीचं टोकन, एकूण एक वस्तू लावून बघा. कारण सेटिंग्जमधल्या रिकव्हरीत जुन्या विंडोजवर परत जायचं बटण दहाच दिवस असतं. अकराव्या दिवशी आलेल्या फोनवर माझ्याकडे कोरी विंडोज टाकण्यापलीकडे फारसा उपाय नसतो.